दुसरी तार

रुखमाबाईनं बाबासाहेबांच्या तसबिरीखालची फळी पुसायला घेतली आणि फडक्याखालून एक बाई बोलू लागली. "ऐकू या आजचे कापसाचे बाजारभाव..."

रुखमाबाई दचकून मागं सरली. फडका लागून बटण फिरलं होतं. बोलत होता तो उकंडाचा रेडिओ. उन्हाळ्यात दुरुस्तीला आलेला आणि तेव्हापासून मरून पडलेला. ज्याच्यापायी गावभर तिच्या नवऱ्याची फजिती चालली होती, तोच रेडिओ खणखणीत बोलत होता.

आता तिच्या नवऱ्याचा, डोमाजीचा हात काय होता, ते सांगायलाच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या शिपाईगिरीतून मोकळा झाल्यापासून त्याला एकच नाद. दारव्ह्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या ढिगात हात घालायचा, मेलेलं काहीतरी पिशवीत घालून घरी आणायचं आणि ओसरीवर बसून जिवंत करायचं. त्यानं जिवंत केलेल्या पंख्यानं एकदा शेजाऱ्याच्या छपरावरची कौलं उडवली. त्याचा टेपरेकॉर्डर तर असा इमानी, की मधूनच कॅसेट काढून घेतली तरी चालू कडवं पुरं केल्याशिवाय थांबत नसे. खोटं वाटत असेल तर कौलं अजून विसकटलेली आहेत, जाऊन पाहा. अशा माणसाला एक साधा रेडिओ साधू नये? "डोमाजी बुढा झाला," असं पारावरची माणसं म्हणू लागली. त्यात बाजारात नवे रेडिओ स्वस्त झाले. मोडका घेऊन त्याच्याकडं आता कोणी फिरकतही नसे.

उकंडा मात्र रोज येई. तो कापसाच्या खरेदी केंद्रावर मापारी होता. आवाज असा, की त्यानं इथं काट्यापाशी वजन पुकारलं की तिकडं बोरी अरबच्या बाजारात बैल कान टवकारत. मग कापसाचे दिवस फिरले. केंद्राला कुलूप लागलं, आणि उकंडाच्या तोंडालाही. भिंतीकडं तोंड करून बसे. जेव म्हटलं तर जेवे. त्या वर्षांत घरात माणूस असा गप्प झाला की बायका फवारणीचं औषध लपवून ठेवत. त्याची बायको नलू पाण्याला जातानासुद्धा शेजारणीला दारात बसवून जाई. दिवसातून एकदाच तो आपणहून उठे, डोमाजीच्या ओसरीवर येई आणि दोनच शब्द बोले.

"झाला का?"

"नाही ना बाप्पा," डोमाजी म्हणे. "बस. हे बॅटरी धर, उजेड दाव."

आणि उकंडा बॅटरी धरून बसे, जेवणवेळ होईस्तोवर.

रुखमाबाईला हे सगळं आठवलं आणि तिचं डोकं फिरलं. तिनं रेडिओ बंद केला, पदराखाली घेतला आणि तरातरा दाराकडं निघाली. डोमाजी दारातच आडवा आला.

"कुठी चालली?"

"नलूच्या घरी. लाज नाही वाटत तुमाले? त्या गरिबाची वस्तू बनवून ठेवली, अन् त्याले रोजचे हेलपाटे मारायले लावता?"

"ने," डोमाजी हळूच म्हणाला. "आजच नेऊन दे. पण उद्या तो कुठी जाईन, थे बी सांगून ये त्याले."

रुखमाबाईचा पाय उंबऱ्यावरच राहिला.

"पहिल्याच दिवशी झालता व, बुढे. रोज सकाळी मी एक तार काढतो, अन् त्याच्यासमोर बिघाड शोधत बसतो. तो गेला का जोडून टाकतो. बिघडलेली वस्तू घरात असली तं मले झोप नाही लागत, तुले मालूम हाये."

"अवो, लोकं हसून राह्यले तुमाले!"

"हसू दे. त्यायचा बी टाइम जाते." मग डोमाजी कान खाजवत म्हणाला, "पण म्हातारपण खरंच आलं व. काढतो एकच तार, अन् जोडाले बसलो का दोन निघालेल्या. दुसरी मी कवा काढतो, आठोतच नाही."

अंगणात चपला वाजल्या. डोमाजीनं झटकन रेडिओ काढून घेतला, पाठमोरा झाला आणि नखानं एक तार उपटली.

"झाला का?" उकंडानं विचारलं.

रुखमाबाई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. घरातलं ते काम नवऱ्याकडं होतं. पण आज तिनं उकंडाच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कायचा होते, भाऊ! आज मी सोता पाह्यला. आतून पार गेला हाये थो. बसा तुमी. चहा टाकतो."

डोमाजीनं बायकोकडं असं पाहिलं, जसं लग्नातही पाहिलं नसेल. उकंडा बसला. बॅटरी धरली. दोन टाळकी रेडिओवर वाकली.

थोड्या वेळानं रुखमाबाईनं वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढून द्यायला नवऱ्याला आत बोलावलं. तो डब्याशी झटापट करत होता, तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीच्या दारात आली. आणि तिथंच थबकली.

उकंडानं बॅटरी खाली ठेवली होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. रेडिओ उलटा केला. अंगठ्याच्या नखानं धरून हळूच एक तार उपटली आणि फुंकर मारून जागा साफ केली.

वर पाहतो तो समोर रुखमाबाई. गूळ चोरताना सापडलेल्या पोरासारखा तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं आतल्या खोलीकडं नजर टाकली, ओठांवर बोट ठेवलं, आणि उन्हाळ्यापासून दोनच शब्द बोलणारा तो माणूस कुजबुजला,

"बोलू नोका, वहिनी. हा रेडिओ झाला का डोमाजी दिवसभर करन काय? माणूस असा रिकामा गप बसला का लय बेकार असते. मले मालूम हाये."