डायलचा बल्ब

इद्रीसने कुवेतहून आणलेल्या जपानी स्टिरिओच्या डायलचा बल्ब गेला, आणि लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या वडिलांना, गुलाम रसूलना, स्टेशनचा काटा दिसेनासा झाला. "पुसताना तूच घालवलास," म्हणत ते सुनेला दिवसभर बोल लावू लागले.

शरीफाने रत्नागिरीतली रेडिओची सगळी दुकानं पालथी घातली. एसटीने चिपळूणलाही जाऊन आली. "तांदळाएवढा बल्ब तो, हयसर कुठला मिळायला गो!" दुकानदार हसले. शेवटी तिने नवऱ्याला पत्र टाकलं.

ईदच्या तोंडावर इद्रीसचा कुवेतमधला जोडीदार अजीज सुट्टीवर आला, तो बल्ब घेऊनच. शरीफा आत चहा ठेवायला गेली. तो म्हाताऱ्याशी गप्पा मारत बल्ब बसवू लागला. थोड्या वेळाने बाहेर रेडिओ खरखरला, गाणं लागलं, आणि पाठोपाठ सासऱ्यांचा भरून आलेला आवाज तिच्या कानावर पडला.

"सून असावी तर अशी!"

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून चांगला शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला रडूच आलं. पदराने डोळे पुसून, चहाचे कप घेऊन ती लगबगीने दारापर्यंत आली. सासऱ्यांची तिच्याकडे पाठ होती.

 

"तिकडे कुवेतमध्ये दुकानं फिरून एवढा मनापासून शोधलान तिनं. इद्रीसला सांग, त्या नव्या बायकोला आता खुशाल घरी घेऊन ये. शरीफाची समजूत मी काढतो."