‘मान्य आहे’च्या आधी

“काकू, हे कुणी वाचत नाही,” संगणक दुरुस्तीवाला हसत म्हणाला. “सरळ खाली जा, ‘मान्य आहे’ दाबा, की सुटलो.”

काकूंनी चष्मा पुसला. पडद्यावर नव्या ब्राउझरचा करार होता. बारीक अक्षरातला, एकसष्ट पानी. घर सोडून आलेल्या बायकांच्या त्या आश्रयकेंद्रात सहा संगणक होते. पाचांवर ब्राउझर नुकताच घालून झाला होता, हा शेवटचा. ब्राउझर फुकट होता, त्यात जाहिराती नव्हत्या. जुना तर एक अर्ज उघडताना माणसाचा अंत पाहायचा.

काकू तीन महिन्यांपूर्वी आपणहून आल्या होत्या, बिनपगारी. कागद फायलीत लावायचं काम त्यांनी मागून घेतलं. आधी काय करायच्या ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

समोर एक बाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. सकाळीच आली होती. नव्या ब्राउझरवर पहिला अर्ज तिचाच भरायचा होता, नव्या पत्त्यासकट. तो पत्ता नवऱ्याला कळू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

“काकू, त्या ताटकळल्यात हो,” केंद्र चालवणाऱ्या ताई वैतागल्या. “आता काथ्याकूट नको.”

“पाच मिनिटं.”

गंमत म्हणजे, काकूंनी पहिलं पान वाचलंच नाही. ‘तुमची गोपनीयता आम्हाला प्राणप्रिय’ या ठळक मथळ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट शेवटी गेल्या, जिथे शब्दांच्या व्याख्या देतात. तिथून उलट्या, मागे मागे. दोनच ठिकाणी थांबल्या.

“ऐका. घरी वापरला तर फुकट. संस्थेत वापरला, तर भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत कंपनीकडे जाणार. आणि कंपनी ती आपल्या सहयोगींना देऊ शकते.”

“असतील त्यांच्याच कुठल्या कंपन्या,” दुरुस्तीवाला म्हणाला.

काकूंनी व्याख्येवर बोट ठेवलं. “सहयोगी म्हणजे, ठरलेली रक्कम भरणारी कोणतीही व्यक्ती.”

पिशवीवाली बाई हळूच म्हणाली, “माझ्या नवऱ्याकडे पैसा रग्गड आहे.”

ताई ओरडल्याच. “काढा! सगळ्या संगणकांवरून, आत्ताच्या आत्ता!”

दुरुस्तीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. अर्ध्या तासात नवा ब्राउझर हद्दपार झाला. जुन्यावरच रखडत रखडत पत्ता भरला, आणि त्या बाईने सकाळपासून पहिल्यांदा पिशवी खाली ठेवली. खुर्चीला पाठ टेकली. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना चक्क मिठी मारली. सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या.

“पण काकू,” दुरुस्तीवाला डोकं खाजवत म्हणाला, “नेमकं तिथेच आहे, हे तुम्हाला कळलं कसं?”

काकू अजून त्या बाईकडेच बघत होत्या.

“मीसुद्धा तिथेच लपवायचे. बावीस वर्षं असे करार लिहिले मी, हे कुणी वाचत नाही या भरवशावर.”