दादासमोरची यादी

नवऱ्याच्या जाचातून जीव मुठीत घेऊन आलेल्या बायकांना संस्था वेगवेगळ्या घरांत ठेवायची. संस्थेचं सॉफ्टवेअर तिने बनवलं होतं. लॉगिन केलं की प्रत्येक कार्यकर्तीला फक्त तिच्याकडच्या बायकांचे पत्ते दिसायचे. सगळी यादी दिसायची ती एकट्या तिला.

दुपारी तिचा थोरला भाऊ संस्थेच्या ऑफिसात येऊन समोर बसला.

"तुझ्या वहिनीला कुठे ठेवलंय? बघून सांग."

तिने लॉगिन करून स्क्रीन त्याच्याकडे वळवली. यादी कोरी होती.

"मला दिसत नाही, दादा."

तो स्क्रीनकडे बघून उठून गेला.

"तुला तर सगळं दिसतं ना गं?" शेजारच्या टेबलावरून संस्थेच्या संचालकबाईंनी विचारलं.

"सकाळी यादीत वहिनीचं नाव दिसलं. पत्ता वाचायच्या आधीच मी माझ्या लॉगिनला यादी दिसणं बंद करून टाकलं. दादाशी मला खोटं बोलता येत नाही, बाई."