खुंटीवरचा झारा

पोरीच्या लग्नाची पंगत उठली आणि दोन-तीन दिवसांतच निम्म्या वऱ्हाडाला जुलाब लागले. भगवंतरावांनी आचारी सोपानला अमडापूरहून बोलावून चारचौघांत झापलं, “काऊन बे, सडकं तेल वापरलं काय बुंदीले?” सोपाननं उरलेली बुंदी तिथंच मूठभर खाल्ली. “पाहा, चोख माल हाय!” पुढं त्यालाही जुलाब लागले, त्यानं झारा खुंटीला टांगला आणि अंथरूण धरलं. मग भगवंतरावांच्या आईचंही पोट बिघडलं. म्हातारीचा लग्नादिवशी उपास. बुंदीचा दाणाही तोंडात घातला नव्हता. दम लागल्यावर बुलढाण्याला नेलं. “कोरोना आहे, काहींना आधी पोटाचाच त्रास होतो,” डॉक्टर म्हणाले. भगवंतराव तडक सोपानकडे गेले. झारा खुंटीवरच होता, खाली बायको बिनकुंकवाची बसलेली. “दवाखान्यात काऊन नाही नेलं?” “म्हनत होते, लोकाईले बाधलं माह्या हातचं, कोन्या तोंडानं जाऊ? भगवंतराव खोटं बोलत नसतात.”