गव्हाची शपथ

शकुंतलाबाईंनी पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि नातीचा रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला.

"वाचा बरं मोठ्यानं. निगेटिव्ह आला."

डॉ. नागसेन यांनी रिपोर्ट वाचला, मग आईला टेकून उभ्या असलेल्या इराकडे पाहिलं. गणपतीत ही सात वर्षांची पोर आली तेव्हा पोट फुगलेलं आणि हातपाय काड्यांसारखे होते. गव्हाचं वावडं असावं असा संशय येऊन त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली होती. आता गुढीपाडवा उलटून गेला होता, आणि पोरीच्या गालांवर मांस आलं होतं.

"तपासायला इतका उशीर का केला?"

"एवढं अशक्त लेकरू, त्याचं रगत काढू देतो काय मी? म्हटलं आधी अंगात ताकद येऊ द्या. तवापासून ज्वारीची भाकर अन् वरन-भात. गव्हाचा कन नाही लागू देल्ला. मंग रिपोर्ट चांगला येनार नाही तं काय!"

सून रेवतीही समाधानानं हसली. परीक्षेला अभ्यास करून जावं तशा या दोघी तपासणीला पथ्य करून गेल्या होत्या. डॉक्टरांनी पुडा बाजूला सरकवला.

"आजी, हिला गहू सोसत नसेल, तर तो पोटात गेल्यावर रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. आपण शोधतो ती प्रतिपिंडं. गहूच बंद केला की तीही हळूहळू नाहीशी होतात. चोर गावात आलाच नाही, तर कुत्रं भुंकेल कशाला?"

"म्हनजे?"

"म्हणजे या रिपोर्टवरून काहीच कळत नाही. चूक माझीही आहे. रक्त देईपर्यंत गहू सोडू नका, हे मी बजावून सांगायला हवं होतं."

रेवतीनं इराला जवळ ओढलं. "मग आता?"

"आजपासून रोज गहू द्या. पोळी, बिस्किट, काहीही. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेऊ."

"अन् पोट फुगलं तर?"

"वावडं असेल तर फुगेल. दुखेलही. फार त्रास झाला तर थांबवा आणि लगेच घेऊन या."

शकुंतलाबाई खुर्चीतून उठल्याच. "बरी झालेली पोरगी आमी आमच्या हातानं बिमार पाडू? नाही खात ती जलमभर गहू, झालं!"

"जन्मभर म्हणजे प्रत्येक पंगतीत, होस्टेलवर, सासरी. नुसत्या अंदाजावर? आणि दुखणं दुसरंच असलं तर ते आत वाढत राहील, आजी."

शकुंतलाबाईंनी रिपोर्ट पिशवीत कोंबला. दवाखान्यातून निघून तिघी चिखलीच्या बस स्टँडवर आल्या.

त्यांच्या गावची, उंद्रीची गाडी अजून लागली नव्हती. रेवतीनं टपरीवरून बिस्किटाचा पुडा घेतला. मैद्याचं, म्हणजे गव्हाचंच. घरी पोचलो की सासूबाई आडव्या येतील आणि आपलाही धीर सुटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जे करायचं ते इथेच.

"इरा, खा बेटा."

"नाही."

"डॉक्टरांनीच सांगितलं ना?"

इरानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. रेवतीनं गोडीनं घेतलं, मग दटावलं, मग हात ओढून पाहिला. बाकावरची बाई टक लावून पाहू लागली. बिस्किट खावं म्हणून लेकराशी झटापट करायची वेळ आलेली तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

"का नाही खात? दुखायची भीती वाटते का?" रेवतीनं विचारलं.

इरानं मान हलवून नाही म्हटलं. बोटांच्या फटीतून बारीक आवाज आला.

"मी खाल्लं तं आजी मरते."

रेवतीनं सासूकडे पाहिलं. शकुंतलाबाईंनी मान खाली घातली.

"शाळेत समद्या पोरायच्या डब्यात पोळी. मी कुठी कुठी पाहू? म्हून म्हटलं तिले, ठेव माह्या डोक्शावर हात अन् घे शपथ."

इतके महिने ही एवढीशी पोर दुसऱ्यांच्या डब्यांसमोर आजीचा जीव सांभाळत बसली होती. रेवतीला रागही आला आणि रडूही.

"तुम्हीच घातली, तुम्हीच सोडवा. म्हणा सुटली."

पोरं खेळताना दिवसातून दहादा शपथ घालतात आणि 'सुटली' म्हणून मोकळी होतात. तेवढाच एक शब्द शकुंतलाबाईंच्या तोंडून निघेना. गेल्या वर्षी पोटाशी गुडघे घेऊन रात्र रात्र कण्हणारी ही पोर त्यांच्याच मांडीवर असायची. फार वाईट रात्री होत्या त्या.

उंद्रीची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराकडे धावली. रेवती जागची हलली नाही, हातातलं बिस्किटही तिनं खाली केलं नाही.

"सुटली," शकुंतलाबाई पुटपुटल्या.

"जोरानं म्हन," इरा म्हणाली.

"सुटली, माय."

इरानं तोंडावरचे हात काढले आणि आजीच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"आता तुले काही नाही होत?"

"मले काही नाही होत."

इराचा चेहरा फुलला. तिनं आईच्या हातातलं बिस्किट ओढून घेतलं, दोन घासांत संपवलं आणि आजीपुढे हात पसरला.

"मंग अजून दे."