आजींची पाटी कोरी

“आजी, तुमची पाटी तर कोरी आहे,” भूल देणारी डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली.

उद्या आजींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन. म्हातारं शरीर ते सोसेल का, हे दवाखान्याचा कॉम्प्युटर जुन्या नोंदींवरून सांगे. पडणं, मोडणं, भरती होणं, गोळ्या. जितक्या नोंदी, तितका माणूस खचलेला. आजींच्या नावापुढे हिरवं शून्य होतं.

“एकदाही आजारी पडला नाहीत?”

“आजारपणाचं खातं यांच्याकडे आहे,” आजी म्हणाल्या.

शेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेले आजोबा खुदकन हसले. “माझा आकडा लाल असणार. दोघांची बेरीज करून निम्मी करा. दोघंही पास.”

डॉक्टरही हसली. पण ते शून्य काही तिच्या गळी उतरेना. खोटं निघालं, तर उद्या आजी टेबलावरून उतरतील, पण अंथरुणातून उठायच्या नाहीत.

“जरा चालून दाखवा.”

टक्. कसलासा आवाज झाला. डॉक्टरने मान वळवेपर्यंत आजी उभ्या होत्या. आजोबांची खुर्ची ढकलत त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या, आल्या, बसल्या. चाल संथ, पण सरळ.

“आता पुन्हा. आजोबांना इथेच ठेवून.”

“यांना एकट्याला करमत नाही.”

“दारापर्यंतही?”

आजी चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

“मघाशी टक् कशाचं झालं?” डॉक्टरने विचारलं.

आजोबांनी हात खाली नेऊन चाकाचा ब्रेक दाखवला. “ही माझ्या खुर्चीला धरून उठते. उठायला लागली की मी हा लावतो. नाहीतर खुर्ची पळते आणि ही तोंडावर आपटते.”

“एकदाच आपटले,” आजी म्हणाल्या. “तेही हळू.”

“मग इथे सांगितलं का नाहीत?”

“त्या दिवशी तपासायचा नंबर यांचा होता.”

डॉक्टरने ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं. आधी पायांत बळ, मग पोटावर सुरी. कोऱ्या पाटीवर ती पहिली नोंद करायला बसली. ‘कशाच्या आधाराने चालतात?’ खाली तीनच पर्याय: काठी, वॉकर, माणूस.

तिचं बोट अधांतरी राहिलं.

“चला, निघू या,” मागून आजी म्हणाल्या.

टक्.