कोपऱ्यावरची पेटी

वसंत लागताच मी नेम केला: रोज घरातली एक वस्तू गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पेटीत ठेवायची, हवी त्याने न्यावी. आज यांचा निळा मफलर ठेवला. वीस वर्षांपूर्वी मीच विणलेला, यंदा कपाटातून निघालाच नव्हता. तासाभराने हे फिरून आले ते तोच गळ्यात गुंडाळून, भर उन्हात, हरखून. “बघ, पेटीत सापडला! कुणा बाईने एवढ्या मायेने विणला आणि खुशाल टाकून दिला.” यांची थट्टेची सवय जुनीच. “पुरे आता,” मी हसले. हे हसले नाहीत, वीण चाचपत राहिले. “तुला येतं का गं असं विणायला?” “येतं.” “मग मला एक विण ना. माझ्यासाठी आजवर कुणीच विणला नाही.” यांच्या डोळ्यांत थट्टा शोधली. नुसतं कुतूहल होतं. “सुया आणते,” म्हणत उठले खरी, पण कुठल्या खोलीत जायचं तेच कळेना.